चाळीस एकर

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियाना राज्यात रेड नदीच्या काठी कोलफॅक्स नावाचे लहानसे गाव आहे. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत कोण जिंकले यावरून तिथे तंटा पेटला होता. आपले अधिकारी जागेवर राहावेत म्हणून आसपासच्या काळ्या लोकांनी कचेरीभोवती खंदक खणून पहारा बसवला. कचेरी म्हणजे एका मळेवाल्याचा जुना तबेला. दुपारी गोऱ्यांचा जमाव बंदुका आणि एक छोटी तोफ घेऊन आला. त्यांनी इमारत पेटवली, बाहेर पळणाऱ्यांना टिपले, आणि जे शरण आले त्यांतल्या बहुतेकांना रात्री गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा कमीत कमी साठच्या वर, काही हिशेबांनी दीडशेपर्यंत.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली. निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना त्यांनी ती अर्पण केली. यादवी युद्ध संपून तेव्हा आठ वर्षे झाली होती.

माझे आयुष्य यवतमाळ जिल्ह्यात इतिहास शिकवण्यात गेले. पाठ्यपुस्तकात अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ ला संपते, लिंकनचा खून होतो, गुलाम मुक्त होतात आणि पुढचा धडा सुरू होतो. एकदा वर्गात एका मुलीने विचारले, “बाई, सुटल्यावर ते खात काय होते?” बटईदाराची मुलगी होती. मीही बटईदाराचीच मुलगी, म्हणून तो प्रश्न मला सोडेना. युद्धानंतरच्या बारा वर्षांना अमेरिकेत ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणतात, म्हणजे पुनर्रचना. त्या वर्षांबद्दल मिळेल ते मी वाचत गेले आणि माझे मत असे झाले की त्या देशात कायदा नवा झाला, मतदारयादी नवी झाली, शाळा नव्या झाल्या. जमीन तेवढी जुन्या मालकाकडे राहिली, आणि बाकी जे उभे राहिले होते त्याला तिथूनच तडे गेले.

युद्धात दोन्ही बाजूंचे मिळून सहा लाखांहून अधिक लोक मेले. दक्षिणेत रेल्वेचे रूळ उखडलेले, पूल तुटलेले, गोठे रिकामे. दक्षिणेच्या बंडखोर सरकारने छापलेल्या नोटा रद्दी झाल्या होत्या. मळेवाल्यांची सगळ्यांत मोठी मालमत्ता म्हणजे माणसे, सुमारे चाळीस लाख माणसे, आणि ती आता मालमत्ता राहिली नव्हती. या चाळीस लाखांजवळ अंगावरच्या कपड्यांपलीकडे बहुधा काही नव्हते. कापूस लावणे, वेचणे, ऊस तोडणे, भातखाचरे बांधणे, लोहारकाम, सुतारकाम, सगळे त्यांना येत होते. त्यांच्याच कामावर दक्षिण श्रीमंत झाली होती.

तुम्हाला काय हवे, असे त्यांना एकदा खरोखर विचारले गेले. १२ जानेवारी १८६५ ला, युद्ध अजून चालू असताना, जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी २० काळ्या धर्मोपदेशकांना बोलावले. सगळ्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. वय ६७. आठ वर्षांपूर्वी १,००० डॉलर सोन्या-चांदीत मोजून त्यांनी स्वतःला आणि बायकोला विकत घेतले होते. आपल्या पायावर कसे उभे राहाल, या प्रश्नाला त्यांचे उत्तर सरळ होते: आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या श्रमाने कसू, आणि पुढे ती विकत घेता येईपर्यंत आमच्याकडे राहू द्या. चारच दिवसांनी शर्मनचा आदेश निघाला. साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडा या किनाऱ्यावरची बेटे आणि समुद्रापासून आत तीस मैलांपर्यंतची सोडून दिलेली भातशेती मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायची; प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत. जून उजाडेपर्यंत सुमारे ४०,००० लोक त्या जमिनीवर बसले होते. पेरण्या झाल्या होत्या.

एप्रिलमध्ये लिंकन गेला आणि त्याच्या जागी अँड्र्यू जॉन्सन आला. तो टेनेसीचा, मुळात शिंपी, मळेवाल्यांचा द्वेष करणारा म्हणून ओळखला जाणारा. पण काळ्या माणसाच्या हातात जमीन आणि मत जावे हे त्याला मुळीच मान्य नव्हते. त्याने बंडखोरांना भराभर माफ्या दिल्या, आणि माफीबरोबर जमिनीही परत दिल्या. ही बातमी सांगायला ऑक्टोबरात जनरल हॉवर्ड एडिस्टो बेटावर गेला. मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ या सरकारी खात्याचा तो प्रमुख. भला माणूस, युद्धात एक हात गमावलेला. चर्च माणसांनी भरलेले होते. त्याला बोलणे जमेना, तेव्हा गर्दीतल्या एका बाईने दुःखाचे एक भजन सुरू केले आणि सगळ्यांनी ते उचलले.

बेटावरच्या लोकांनी तिघांची समिती नेमून हॉवर्डला आणि राष्ट्राध्यक्षाला पत्रे लिहिली. इतिहासातले जे थोडे कागद प्रत्येक नववीच्या मुलाने वाचावेत असे मला वाटते त्यांत ही पत्रे आहेत. त्यांचे म्हणणे असे: आम्ही या सरकारशी इमानी राहिलो आणि आमचे जुने मालक सरकारविरुद्ध लढले, तरी जमीन त्यांना मिळते. तुम्ही म्हणता, क्षमा करा. ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला चाबकाने झोडले, आणि आज त्याच्या अटी मान्य केल्याशिवाय रिकाम्या खोपटातही राहू देत नाही, त्याला क्षमा कशी करू? जमीन ज्याच्याकडे त्याच्या मुठीत आपण कायम राहणार, हे त्यांनी १८६५ मध्येच स्वच्छ लिहून ठेवले. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, थॅडियस स्टीव्हन्स हा पेनसिल्व्हेनियाचा म्हातारा पुढारी हेच सांगत होता. मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करा, कुटुंबामागे ४० एकर वाटा, असा त्याचा प्रस्ताव होता. त्याच्याच पक्षाने तो बाजूला ठेवला. उत्तरेच्या गिरण्यांना कापूस हवा होता, बँकांना जुनी कर्जे वसूल करायची होती, आणि एकाची मालमत्ता काढून घेतली तर उद्या आपल्यावरही पाळी येईल ही भीती उत्तरेतल्या पैसेवाल्यांनाही होतीच.

मग दक्षिणेतल्या राज्यांनी ‘काळे कायदे’ केले. मिसिसिपीत दर जानेवारीत आपण कोणाकडे कामाला आहोत याचा लेखी पुरावा दाखवावा लागे. नाही तर भटक्या ठरवून दंड, दंड भरता आला नाही तर मजुरीला जुंपायचे. शहराबाहेर काळ्या माणसाला जमीन भाड्यानेही घेता येत नव्हती. हे वाचून उत्तरेतले लोक भडकले. एवढे रक्त सांडून पुन्हा तेच? १८६७ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार झुगारून दक्षिणेची पाच लष्करी विभागांत वाटणी केली, आणि काळ्या पुरुषांच्या मतांसह नव्या राज्यघटना लिहा असे फर्मावले. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने त्यांना नागरिकत्व मिळाले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने रंगावरून मत नाकारायला बंदी झाली.

इथे मला थांबून साउथ कॅरोलायनाबद्दल सांगायचे आहे, कारण त्या राज्यात जे घडले तसे त्या देशात तोवर कुठे घडले नव्हते. जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्स्टन शहरात घटना समिती बसली. १२४ सभासदांपैकी ७६ काळे. त्यांत ब्यूफर्ट गावचे रॉबर्ट स्मॉल्स होते. मे १८६२ मध्ये, गुलाम असताना, ‘प्लँटर’ नावाच्या बंडखोरांच्या जहाजावर ते सुकाणू धरायचे काम करत. एका पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्यांनी कप्तानाची टोपी घातली, स्वतःची बायकामुले आणि सोबती घेतले, किल्ल्यांसमोरून बिनचूक इशारे देत जहाज बाहेर काढले आणि उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केले. पुढे, ज्या घराच्या मागच्या खोपटात ते जन्मले, ते मालकाचे घर त्यांनी विकत घेतले. घटना समितीत त्यांनी ठराव मांडला तो सर्वांना खुल्या, मोफत, सक्तीच्या शाळांचा. लहानपणी शाळा न मिळालेल्या माणसाचा तो ठराव होता.

या घटनेने मालमत्तेची अट काढली, कर्जासाठी तुरुंग बंद केला, गोऱ्या गरिबांच्या मुलांनाही पहिल्यांदा राज्यभर सरकारी शाळा दिली. १८७६ पर्यंत राज्यातल्या शाळांत लाखाहून अधिक मुले होती. राज्याने जमिनी विकत घेऊन हप्त्याने देणारे एक मंडळही काढले. त्यातून सुमारे १४,००० कुटुंबांना तुकडे मिळाले. त्या मंडळात पैसे खाल्ले गेले हे खरे आहे. रेल्वेच्या रोख्यांतही खाल्ले गेले. विरोधकांनी त्याचा एवढा गवगवा केला की पुढची शंभर वर्षे तेवढेच छापले गेले. याच काळात न्यूयॉर्कच्या ट्वीड या गोऱ्या पुढाऱ्याने शहराची तिजोरी धुऊन नेली, तेव्हा गोऱ्यांना राज्य करता येत नाही असे कोणी म्हटले नाही.

दक्षिणेत सगळीकडे हे चालले होते. मिसिसिपीहून हायरम रेव्हल्स १८७० मध्ये सिनेटमध्ये बसले. खालपासून वरपर्यंत धरले तर दीड-दोन हजार काळे लोक या काळात सरकारी पदांवर होते: न्यायाधीश, फौजदार, शाळा निरीक्षक, आमदार. ब्यूरोने आणि मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळांत १८७० च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. नातवंडांच्या शेजारी आजी-आजोबा धुळाक्षरे गिरवीत. ज्या राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता त्याच राज्यांत. १८७० मध्ये शंभरातल्या ८० काळ्या लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९०० मध्ये हा आकडा ४५ वर आला होता. जोतीरावांना हा आकडा सांगता आला असता तर त्यांना किती बरे वाटले असते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. खात काय होते?

मळेवाल्यांना वाटत होते, जुन्यासारख्याच टोळ्या करून मुकादमाच्या हाताखाली लोक काम करतील, फक्त थोडी मजुरी द्यावी लागेल. लोकांनी नकार दिला. बायकांनी शेतावरची मजुरी कमी केली, मुलांना शाळेत घातले. मालकाजवळ रोख नव्हती, यांच्याजवळ जमीन नव्हती. त्यातून बटई निघाली. जमीन, खोपट, खेचर, नांगर, बी मालकाचे, राबायचे कुटुंबाने, कापूस अर्धा-अर्धा. मुकादमाचा चाबूक डोक्यावर नाही, एवढ्यासाठी सुरुवातीला लोकांनी ती आनंदाने घेतली.

फास आवळला तो दुकानदाराने. कापूस हाती येईपर्यंत मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस, कापड लागायचे. ते गावच्या दुकानातून उधार. रोखीची किंमत वेगळी, उधारीची वेगळी, वर व्याज. आणि तारण म्हणून उभे पीक. राज्यांनी कायदे करून मालकाचा आणि दुकानदाराचा या पिकावर पहिला हक्क ठरवला. दुकानदार म्हणायचा, मका नको, कापूसच लाव, कापूस विकला जातो. मग मका दुकानातून घ्यायचा. डिसेंबरात सरकी काढून झाली की हिशेब. वही दुकानदाराकडे. बाकी निघाली की पुढचे वर्षही तिथेच.

माझे वडील दुसऱ्याच्या शेतात पऱ्हाटी लावत. कापूस अडत्याकडे घातला की हिशेब व्हायचा, आणि घरी आल्यावर वडील आकडा आईला सांगत नसत. ती विचारतही नसे. मला दक्षिणेतली ती पद्धत समजावून घ्यायला कोणाची टीप लागली नाही.

आणि हा धागा नुसता समजुतीचा नाही, व्यापाराचाही आहे. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत बँका आणि कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ मध्ये दक्षिण शरण आल्याची बातमी आली आणि सगळे कोसळले. पुढच्या दहा वर्षांत कापसाचा भाव उतरत गेला, सारा वाढत गेला, सावकारांनी उधारी आखडली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने कारणे शोधताना अमेरिकेच्या युद्धातल्या तेजीचा आणि नंतरच्या मंदीचा हिशेब मांडला होता. जॉर्जियाचा बटईदार आणि सुप्याचा कुणबी एकाच भावाने बुडत होते. १८९४ मध्ये अमेरिकेत कापूस पौंडाला ५ सेंटांच्याही खाली गेला. युद्धात तो एक डॉलरच्या वर होता.

१८७३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत जे कूक यांची पेढी बुडाली. रेल्वेच्या रोख्यांत तिने वाटेल तेवढा पैसा घातला होता. न्यूयॉर्कचा शेअरबाजार दहा दिवस बंद राहिला, देशभर कारखाने थांबले. त्यातले एक नुकसान पुस्तकांत एका ओळीत उरकतात, मला ते फार मोठे वाटते. मुक्त झालेल्या लोकांसाठी १८६५ मध्ये एक बचत बँक निघाली होती. धुणावळी, सैनिक, हमाल, चर्चच्या भिशा, सगळ्यांची चिल्लर तिच्यात. तिचे गोरे विश्वस्त पैसे कुठे लावत होते? त्यांच्यातला एक जे कूकचाच सख्खा भाऊ होता, आणि बँकेचा पैसा कूकच्या पेढीकडे जात होता. बँक पोखरली गेल्यावर १८७४ च्या मार्चमध्ये काळ्यांचे नामवंत पुढारी फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केले. त्यांनी लोकांचा विश्वास राहावा म्हणून पदरचे १०,००० डॉलर घातले. जूनअखेर ती बंद झाली. सुमारे ६१,००० खातेदार, त्यांचे जवळजवळ ३० लाख डॉलर. यांतल्या कित्येकांनी तो पैसा जमिनीसाठी साठवला होता.

मंदी आली आणि उत्तरेला दक्षिणेचा कंटाळा आला. काळ्यांवर हल्ले करणाऱ्या ‘कू क्लक्स क्लॅन’ या गोऱ्यांच्या टोळीला राष्ट्राध्यक्ष ग्रँटने १८७१ मध्ये साउथ कॅरोलायनात सैन्य घालून मोडले होते; आता तसे करण्याची कोणाची इच्छा उरली नाही. कोलफॅक्सच्या खुन्यांपैकी मोजक्यांवर खटला चालला. तो ‘क्रुइकशँक’ नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८७६ मध्ये न्यायालयाने ठरवले की चौदावी दुरुस्ती राज्य सरकारला बांधते, खाजगी माणसांना नाही. शेवटी एकालाही शिक्षा झाली नाही. त्याच वर्षीची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक वादात अडकली. हेज या उमेदवाराला १८५ आणि त्याचा प्रतिस्पर्धी टिल्डन याला १८४ निर्वाचक मते देऊन ती मिटवली, आणि एप्रिल १८७७ मध्ये हेजने साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाच्या विधानभवनांभोवतालचे सैनिक काढून घेतले.

त्यानंतर मत हिरावायला वीस-पंचवीस वर्षे लागली. आधी बंदूक, मग कायदा: पट्टी भरा, राज्यघटनेचे कलम वाचून समजावून सांगा, नाही तर आजोबा १८६७ पूर्वी मतदार होते हे दाखवा. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये १,३४२ उरले.

याहून वाईट म्हणजे ही गोष्ट उलटी सांगितली गेली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पुस्तकांवर पुस्तके लिहिली, की अडाणी काळ्यांच्या हाती सत्ता देणे हीच मोठी चूक होती. डनिंग तिथे शिकवत होते त्याच वर्षांत, १९१३ ते १९१६, त्याच विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. खरी गोष्ट १९३५ मध्ये काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात मांडली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले: आपल्या दोन्ही समाजांची स्थिती इतकी सारखी आहे की तुमच्या समाजाच्या स्थितीचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे. कोलफॅक्समध्ये मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर लावलेला सरकारी फलक त्या हत्याकांडाला ‘दंगल’ म्हणत होता आणि तिने दक्षिणेतला गैरकारभार संपवला असे अभिमानाने सांगत होता. तो २०२१ मध्ये काढला.

पुनर्रचना का फसली याची कारणे सांगताना विद्वान लोक बरेच काही सांगतात: उत्तरेचा थकवा, मंदी, न्यायालय, वंशद्वेष. मी ती नाकारत नाही. पण ब्यूफर्टचा भाग पाहावा असे मला वाटते. तिथली बेटे युद्धाच्या पहिल्याच वर्षी उत्तरेच्या हाती आली होती. कर थकवून पळालेल्या मळेवाल्यांच्या जमिनी सरकारने लिलावात काढल्या आणि त्यांतल्या बऱ्याच मुक्त झालेल्या कुटुंबांनी विकत घेतल्या. या विक्रीला जॉन्सनची माफी लागू पडली नाही. जमीन त्यांच्याच नावावर राहिली. त्या भागाने १८७७ नंतरही, सैन्य गेल्यावर, रॉबर्ट स्मॉल्सना पुन्हा पुन्हा काँग्रेसमध्ये पाठवले. मध्ये खंड पडत ते १८८७ पर्यंत तिथे होते. मळेवाल्याला तिथे मतदाराला शेतातून हाकलता येत नव्हते, दुकानदाराला त्याचे पीक अडवता येत नव्हते.

१८९५ मध्ये साउथ कॅरोलायनाने काळ्यांचे मत काढून घेण्यासाठी नवी घटना समिती बसवली. दीडशेहून अधिक सभासदांत काळे फक्त सहा. त्या सहांपैकी पाच ब्यूफर्टचे होते.